भिंतीची मागची बाजू

लग्नाचं शूटिंग करायला बोलावलेला माणूस नवरदेव सोडून हॉलची भिंत टिपत बसतो, असं कधी ऐकलंय? महाडच्या जुल्फिकारनं ते केलं. वहूरला लग्न होतं. दुबईतल्या पुतण्यानं, शहबाजनं, एक ड्रोन पाठवला होता आणि "चाचा, घरी बसून काय करणार, लग्नं घ्या," असा निरोप दिला होता. जुल्फिकारनं पहिलंच लग्न घेतलं. आठवड्यानं सगळे टीव्हीसमोर बसले, तर नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी दिसली न दिसली, आणि पुढं हॉलची उंच भिंत सुरू झाली. कॅमेरा भिंतीवरून असा सावकाश खाली येत होता, जसा एखादा जाणता वैद्य पाठीवरून हात फिरवतो. पावसानं काळवंडलेले पट्टे, फुगलेला गिलावा, छपराखालून निघालेली एक लांब भेग.

"अरे, नवरदेव कुठाय?" मुलीचा बाप ओरडला.

"येतोय, येतोय," जुल्फिकार ओशाळून म्हणाला. "ही भिंत जरा बघण्यासारखी होती."

लोक हसले. पण हॉलच्या मालकानं ती भेग दोनदा मागे घेऊन पाहिली आणि गवंडी बोलावला. अशी ड्रोननं भिंती तपासायच्या धंद्याची सुरुवात झाली.

भिंतीचं हे वेड जुनं होतं. मिसरूड फुटायच्या आत जुल्फिकार आखातात गेला आणि उंच इमारतींच्या काचा धुण्याच्या कामाला लागला. गच्चीवरून दोरांनी सोडलेला लोखंडी पाळणा, त्यात दोन माणसं, बादली, रबराची पट्टी आणि खाली दिसेनासा होणारा रस्ता. थंडीच्या दिवसांत पहाटे तिथं दाट धुकं पडायचं. सगळं शहर त्याखाली बुडून जायचं, वर फक्त मनोऱ्यांची टोकं उरायची. त्या टोकाशी पाळण्यात उभा राहिलेला जुल्फिकार मनात म्हणायचा, की आपण समुद्रात होडी घालून बसलोय आणि हे दिसतात ते खडक आहेत. हाक मारली तर आवाज धुक्यात शिरून परत यायचा नाही.

काचेच्या आत माणसं असायची, पण ती बाहेर बघायची नाहीत. एका कचेरीत एक वयस्क साहेब दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपायचा. रबर काचेवर ओढताना किंचाळतं. त्या काचेपाशी आलं की जुल्फिकार हात हलका करायचा. कित्येक वर्षं त्यानं त्या माणसाची झोप मोडली नाही, आणि त्या माणसाला ते कधी कळलं नाही.

मग एका उन्हाळ्यात पाळण्यात उभं असताना आभाळ गर्रकन फिरलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी जागा असते, ती बिघडलीय. उंचीवरचं काम आता बंद. जुल्फिकार महाडला परतला. ज्यानं ढगांच्या वर डबा खाल्ला, त्याला आता बल्ब बदलायला स्टुलावर चढता येईना. बल्ब आमिना बदलायची, त्याची बायको. तो खाली स्टूल धरून उभा राहायचा आणि तिच्या टाचांकडे बघायचा.

ड्रोन आला तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून बसला. हातातल्या पडद्यावर घराची कौलं दिसली, मग माड, मग सावित्रीचं रुंद वळण, तिच्या काठाला धरून बसलेलं सगळं गाव. डोकं फिरलं नाही. खुर्चीचे पाय मातीत होते आणि तो वर होता. आमिना भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली, तेव्हा त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"काय झालं हो?"

"काय नाय," तो म्हणाला. "वर वारा छान हाय."

गावात शुभदा नावाच्या इंजिनियर होत्या. पुराच्या वर्षी महाड पाण्यात गेलं, तेव्हापासून त्यांना उसंत नव्हती. कुठली इमारत राहण्याजोगी, कुठली नाही, हे लोक त्यांनाच विचारायचे. हॉलच्या भिंतीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी जुल्फिकारला बोलावून घेतलं. ड्रोन उडवायच्या परवान्याचं शिक्षण घ्यायला पुण्याला पाठवलं, मग स्वतः शिकवलं. नुसती पावसाची ओल कशी दिसते, आतली सळई गंजून फुगली की गिलावा कसा सुटतो, कुठली भेग वरवरची आणि कुठली खोल. "फोटो भिंतीला समांतर हवा, जुल्फीभाई," त्या सांगायच्या. "आणि खिडकीवर कॅमेरा रोखायचा नाही. आत लोक राहतात."

"ते मला सांगायला नको, मॅडम," तो म्हणायचा.

तर त्या वर्षी पाऊस सरल्यावर 'नीलमोहर' नावाच्या इमारतीचं काम आलं. पुढची बाजू साधी होती. मागे मात्र फरसबंदीचं लहानसं अंगण, मग नाला, मग नदी. परांची बांधायला जागाच नाही. बांधल्यापासून त्या बाजूला कुणी धड पाहिलं नव्हतं. जुल्फिकारनं अंगणाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि ड्रोन सोडला.

सकाळचं कोवळं ऊन भिंतीवर आडवं पडलं होतं. अशा उन्हात भिंत बोलते. प्रत्येक उंचवट्याला सावली असते. पहिला मजला, पुराच्या पाण्याची उरलेली मळकट रेघ. दुसरा, तिसरा. चौथ्या मजल्यावर एका खिडकीखालच्या छज्ज्यातून पिंपळ उगवला होता. चांगला दोन हात उंच, शेंडा खिडकीच्या चौकटीवर आलेला, पानं तांबूस-हिरवी, वाऱ्यावर एकसारखी सळसळणारी. जुल्फिकारनं ड्रोन जवळ नेला. पिंपळाचं मूळ छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यात शिरलं होतं, तिथून भेग दोन्ही बाजूंना पसरली होती आणि भेगेत सळई दिसत होती, गंजानं फुगून लालभडक.

तेवढ्यात खिडकीतून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा हात, त्यात तांब्या. ड्रोनची घरघर ऐकून हात क्षणभर थांबला. मग उरलेलं पाणी सावकाश पिंपळाच्या बुडात ओतून आत गेला.

जुल्फिकारनं ड्रोन खाली घेतला. भेगेचे फोटो ठेवले, हाताचा फोटो पुसून टाकला. दिवसभर मात्र तो हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

शुभदांनी फोटो पाहिले आणि त्याच दिवशी अंगण बंद करायला लावलं. इमारतीतली पोरं तिथंच क्रिकेट खेळायची. पिंपळ काढायचा आणि छज्जा फोडून नवा करायचा, असं ठरलं. त्यासाठी पोलादपूरचा पांडू आला. कड्याकपारीत दोर लावून उतरणारा गडी. तो गच्चीवरून दोरानं चौथ्या मजल्यापर्यंत उतरला, कोयता काढला आणि थबकला. खिडकीतून एक म्हातारी अर्धी बाहेर वाकून पिंपळाला कवटाळून उभी होती.

"पैला माझा हात तोड," ती म्हणाली.

पांडू तसाच वर गेला. सोसायटीची माणसं जाऊन आली, शुभदा जाऊन आल्या. म्हातारी दार उघडेना. मुलगा पुण्याला नोकरीला, तो फोनवर म्हणाला, "आई माझं पण ऐकत नाही." शेवटी शुभदा म्हणाल्या, "जुल्फीभाई, तुम्ही जाऊन बघा. मी जाते ती नोटीस घेऊन. तुम्ही नुसता फोटो दाखवा."

जुल्फिकार भिंतीला हात लावत लावत जिना चढला. दार ठोठावलं आणि म्हणाला, "काकी, मी ड्रोनवाला. त्या दिवशी तुम्ही पाणी घालत होता, तेव्हा मीच होतो बाहेर. भ्यायला झालं असेल, माफी मागायला आलोय."

आत पावलं वाजली. मग कडी निघाली.

म्हातारीचं नाव रखमा. आतल्या खोलीत खिडकीशेजारी पलंग होता आणि पलंगावर तिचा नवरा येसाजी पडून होता. उमरठचा माणूस, सगळी उमर एसटीवर ड्रायव्हर. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात त्यानं गाडी चालवली, निवृत्त झाला, मुलाच्या ह्या घरात राहायला आला, आणि मग एका सकाळी अंगाची डावी बाजू गेली. तेव्हापासून हा पलंग आणि ही खिडकी.

"बस रं," येसाजी म्हणाला. बोलणं जरा जड होतं, पण स्वच्छ कळत होतं.

जुल्फिकार पलंगाशेजारी बसला आणि येसाजीच्या नजरेनं त्यानं खिडकीकडे पाहिलं. झोपून दिसत होतं ते एवढंच: आभाळाचा चौकोन आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात पिंपळाची पानं. उन्हामुळं त्या पानांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर पडल्या होत्या आणि हलत होत्या, तळ्याच्या पाण्यावर हलतात तशा. सगळी खोली जणू संथ पाण्याखाली होती. पलंग, औषधांच्या बाटल्या, भिंतीवरचा खाकी सदरा, सगळ्यांवरून ते उजेडाचे ठिपके फिरत होते. जुल्फिकारला वाटलं, आयुष्यभर मी भिंतीच्या बाहेर लोंबकळलो. आतून ती अशी दिसते, हे मला आज कळतंय.

"ह्यो माजा आरसा हाय," येसाजी पानांकडे बघत म्हणाला. "गाडीला कसा बाजूला आरसा असतो? त्यात मागलं समदं दिसतं. तसा ह्यो. पानं उलटी झाली की समजायचं वारा खाडीकडनं हाय. एकदम गप झाली की पाऊस. सकाळी चिमणी बसते, दुपारी एक खार येते. रखमाला मी हितनं सांगतो, कपडे काड गो, सर येतीय. आन् सर येते."

"येते हो," रखमा म्हणाली. "कदी चुकत नाय."

जुल्फिकारनं फोटो खिशातून काढला खरा, पण तो पुढं करायला हात उचलेना. येसाजीनंच उजवा हात लांब केला. डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"ही सळई?"

"होय काका."

"आन् खाली ते काय, पोरं खेळतात ते?"

"होय. सध्या बंद केलंय."

येसाजीनं डोळे मिटले. मग म्हणाला, "रखमे, ह्या गाडीचा ब्रेक गेलाय गो. पाशिंजर बसवून चालायची नाय."

"पिंपळ तोडायचा नसतो," रखमा हट्टानं म्हणाली. "आपसूक आलेला. देवानं धाडलेला. आन् तोडला तर मग तुमी बघाल काय दिसभर? मला सांगा ना, बघाल काय?"

जुल्फिकारच्या तोंडून निघून गेलं, "मी दाखवीन."

दोघं त्याच्याकडे बघू लागले. बोलून बसल्यावर त्यालाच कळेना, काय दाखवणार. त्यानं विचारलं, "काका, काय बघावंसं वाटतं?"

येसाजीला विचार करावा लागला नाही. "घाट," तो म्हणाला.

दोन दिवसांनी रखमानं खिडकी उघडली. पिंपळाला हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं, हात जोडून म्हणाली, "तुजी जागा चुकली रे बाबा. आमची पन चुकली. राग धरू नको." दोरावर लोंबकळणाऱ्या पांडूनंही कोयता कपाळाला लावला, मग घाव घातला. पिंपळ निघाला. पण मूळ ओढताच छज्ज्याचा मोठा तुकडा आपोआप सुटला आणि रिकाम्या अंगणात आदळला. सगळी इमारत हादरली. धुरळा खाली बसला तेव्हा पोरांचे विटांचे स्टंप त्या तुकड्याखाली चिरडलेले दिसले. सोसायटीतली एक बाई आपल्या मुलाला जवळ घेऊन उभी राहिली.

वर खोलीत आता भिंतीवर काही हलत नव्हतं. ऊन यायचं, पडून राहायचं, जायचं. येसाजीनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि तो बोलेनासा झाला. रखमानं हे जुल्फिकारला फोनवर सांगितलं. तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं.

त्याच आठवड्यात जुल्फिकार आणि आमिना पहाटेची नमाज पढून व्हॅनमधून निघाले. व्हॅन आमिना चालवायची; नवरा आखातात असताना शिकली होती. पोलादपूर गेलं, कापडे गेलं, उमरठचा फाटा मागे पडला. घाटाच्या तोंडाशी जुल्फिकारनं व्हॅनचं दार सरकवलं, सीटवरच मांडी घातली आणि ड्रोन सोडला. रस्त्यापासून थोडा वर, ड्रायव्हरच्या डोळ्यांना दिसेल तेवढ्याच उंचीवर ठेवून तो पुढं न्यायला लागला. एका वळणापर्यंत जायचं, ड्रोन उतरवायचा, व्हॅन पुढं घ्यायची, पुन्हा सोडायचा.

"एवढी हळू जाते काय यष्टी?" आमिना म्हणाली.

"चढाला अशीच जाते."

"मग मधी थांबायला पन पायजे. पाशिंजर हात करतात."

तेही खरंच होतं. जिथं फाट्यावर माणूस उभं दिसेल, तिथं तो ड्रोन क्षणभर थांबवू लागला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई त्या घरघरत्या यंत्राकडे बघून हसली आणि तिनं खरोखरच हात केला.

अर्ध्या घाटात पोचले तेव्हा खालची दरी दिसत नव्हती. रात्रभर जमलेलं धुकं खोऱ्यात काठोकाठ भरलं होतं, पांढरं, स्थिर. त्यातून डोंगरांचे माथे तेवढे वर आले होते. जुल्फिकारनं रस्ता सोडला आणि ड्रोन त्या पांढऱ्यावर नेला. पडद्यावर आता फक्त धुकं आणि त्यावरून सरकणारी ड्रोनची इवलीशी सावली, सावलीभोवती इंद्रधनुष्याचं एक कडं. हे त्यानं पूर्वी पाहिलं होतं. त्या परक्या शहरावर, पाळण्यातून, अगदी असंच. तेव्हा शेजारी सांगायला कुणी नव्हतं. त्यानं पडदा आमिनाकडे वळवला.

"तुला सांगायचो ना पत्रात, समुद्रात होडी असल्यागत वाटतं म्हणून? ते हे."

आमिनानं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि बघत राहिली. "मला वाटायचं, मी काळजी करू नये म्हणून लिवता," ती म्हणाली.

बॅटरी संपत आली म्हणून यंत्र शिट्टी मारू लागलं, तेव्हा कुठं दोघं भानावर आले.

तसनीम, त्यांची मुलगी, ह्या जोडकामात हुशार. तिनं सगळे तुकडे एकापुढं एक लावून सलग घाट करून दिला. संध्याकाळी जुल्फिकार तो घेऊन नीलमोहरवर गेला. येसाजीच्या मुलानं पलंगासमोर टीव्ही लावून दिलेला होता, पण येसाजी तो कधी बघायचा नाही. आजही त्याचं तोंड भिंतीकडेच होतं.

"काका, गाडी लागलीय," जुल्फिकार म्हणाला.

येसाजी वळला नाही. पडद्यावर घाटाचा पायथा आला. आमिनानं हौसेनं फोनवर पहाटेचे पाखरांचे आवाज टिपले होते, ते खोलीत भरले. रस्ता सुरू झाला. पहिलं वळण आलं तसा भिंतीकडे तोंड करून पडलेला म्हातारा म्हणाला, "डावीकडं कडा हाय. अंग चोरून घे."

मग मान वळली. रखमानं पाठीशी उशा लावल्या. येसाजी बघू लागला आणि थोड्याच वेळात तो खोलीत राहिला नाही. उजवा हात छातीसमोर उचलला गेला आणि हवेतलं चाक धरून फिरू लागला. चादरीखाली उजवा पाय दाबला जाई, सुटे, पुन्हा दाबला जाई. "हितं हॉर्न द्यावा लागतो, म्होरली गाडी दिसत नाय." "ह्या मोरीवर पान्याचा लोट येतो." "हा दगूड व्हता तितंच हाय अजून." गवताच्या भाऱ्यावाली बाई हात करताना दिसली तशी तो गुरकावला, "भारा टपावर टाक, बाई. आत नाय चालनार."

रखमा पलंगाच्या कडेवर टेकली होती. पदर नीट करून, हात मांडीवर घेऊन. "ह्यांच्या गाडीत मी कदी बसलेच नाय," ती हळूच जुल्फिकारला म्हणाली. "ड्युटीवर घरची मान्सं नकोत, म्हनायचे."

"आज बसलीस न्हवं?" येसाजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "मग गप बस. ड्रायव्हरसंगं बोलायचं नाय, पाटी वाच."

टीव्हीचा उजेड तिघांच्या तोंडावरून सरकत होता. वळणं येत होती, जात होती. मग रस्त्याची कड सुटली आणि सगळ्या खोलीत तो पांढरा धुक्याचा समुद्र पसरला. येसाजीचा पाय चादरीखाली सावकाश दाबला गेला आणि तसाच दाबलेला राहिला. जुल्फिकारला कळलं. त्यानं रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवलं.

येसाजीनं चाक सोडलं. हात चादरीवर ठेवून समोरच्या त्या पांढऱ्या खोऱ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. गालावर ओल होती, पण आवाज खणखणीत आला, मागच्या बाकापर्यंत पोचावा असा.

"गाडी धा मिन्टं थांबल. कुनाला च्या घ्यायचा त्यानं घ्या."

रखमा उठली आणि आत जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं.